दाखलखारीजला तार जोडावी का?

मंडळी, आजचा विषय तसा माझ्या इयत्तेबाहेरचा. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, भाषा आणि इतिहास शिकवत हयात घालवलेला माणूस. संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर. आता मी संगणकाविषयी सांगू लागलो तर सेलूतले माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू द्या. (निम्मे तर मी इतिहास शिकवतानाही हसतच होते.) पण ज्या संगणकात लोकांची नाजूक माहिती ठेवलेली आहे तो जगाच्या जाळ्याला जोडावा की जोडू नये, हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा नाही, असं माझं मत होत चाललं आहे. का ते सांगतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेपासून सुरुवात करू. १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दुपारपासून काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून या बँकेच्या नावावर पैसे निघत राहिले. सुमारे १२ हजार व्यवहार, ७८ कोटी रुपये. त्याच वेळी आपल्या देशात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार झाले, त्यात अडीच कोटी गेले. मग सोमवारी, १३ तारखेला, परदेशात पैसे पाठवण्याची जी स्विफ्ट नावाची व्यवस्था असते तिच्यातून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत गेले. बेरीज ९४ कोटी ४२ लाख.

तेव्हा पेपरात मथळे आले, 'बँकेवर दरोडा'. मीही वाचून म्हटलं, अरे बापरे. पण दरोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फुटलेली तिजोरी येते. इथे तिजोरी फुटली नव्हती. खातेदारांच्या खात्यातून एक रुपया कमी झाला नव्हता. मग पैसे गेले कसे? हे मला बरेच दिवस समजलं नाही. शेवटी नातीला विचारलं. ती पुण्याला संगणकाच्याच कंपनीत आहे.

तिने सांगितलेलं मी माझ्या भाषेत मांडतो. समजा, शाळेच्या खिडकीवर एक माणूस चिठ्ठी घेऊन आला, 'मला इतके पैसे द्या.' खिडकीतला कारकून ती चिठ्ठी शिपायाजवळ देतो. शिपाई ती हेडमास्तरांच्या खोलीत नेतो. हेडमास्तर वही काढून या माणसाचे पैसे जमा आहेत की नाही ते पाहतात, 'होय' लिहून सही करतात. शिपाई चिठ्ठी परत आणतो, कारकून पैसे मोजून देतो. एटीएम म्हणजे ती खिडकी. बँकेचा मुख्य संगणक म्हणजे हेडमास्तर. आणि मधे जो निरोप्या असतो त्याला स्विच म्हणतात.

चोरांनी कारकुनाला हात लावला नाही, हेडमास्तरांना लावला नाही, वहीला तर नाहीच नाही. त्यांनी मधल्या व्हरांड्यात आपला एक शिपाई उभा केला. खऱ्यासारखाच दिसणारा. तो चिठ्ठी हेडमास्तरांकडे नेतच नव्हता. खांबाआड जाऊन स्वतःच 'होय' लिहायचा आणि परत आणून द्यायचा. हेडमास्तर आपल्या खोलीत निवांत, वही स्वच्छ, आणि खिडकीवर पैसे वाटप सुरू!

पुढे २०१९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांच्या अहवालात या प्रकरणामागे उत्तर कोरियाचं नाव आलं. इथल्या साखळीतल्या ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली दोषी ठरवलं. ती पोरं कोल्हापूर वगैरे ठिकाणच्या एटीएमवर उभी राहिलेली. त्यांना आपण नेमकं कोणाचं काम करतो आहोत याची कितपत कल्पना असेल, देव जाणे.

मला या सगळ्यात एक गोष्ट लागली. आपण समजतो नाजूक माहितीचा धोका म्हणजे कोणीतरी ती चोरून वाचेल. पण वाचण्यापेक्षा बदलणं वाईट. इथे कोणी काही वाचून नेलं म्हणून बँक बुडायची वेळ आली नव्हती. एक खोटा 'होय' तयार करता आला, एवढंच झालं. आणि तो तयार करता आला कारण बाहेरच्या जगातून आतल्या व्हरांड्यापर्यंत यायला वाट होती.

दुसरं प्रकरण दिल्लीचं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एम्स रुग्णालयाचे संगणक बंद पडले. खंडणीखोरांनी आतली माहिती कुलूपबंद केली होती. पुढचे कितीतरी दिवस देशातलं एक मोठं सरकारी रुग्णालय केसपेपर हाताने लिहीत होतं. (हाताने लिहिता येणारे कर्मचारी होते हे नशीब. आणखी वीस वर्षांनी असतील का?) सरकारने संसदेत सांगितलं की पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती अडकली होती, आणि कारण दिलं की जाळ्याची विभागणी नीट केलेली नव्हती.

विभागणी नव्हती म्हणजे काय? आपल्याकडच्या जुन्या घराचा विचार करा. ओसरीवर कोणीही येऊन बसतो. पाणी विचारतो आपण. पण ओसरीवरचा माणूस थेट माजघरात जात नाही आणि माजघरातला पाहुणा देवघराशेजारच्या कोठीत जात नाही, कारण मधे दारं आहेत आणि काही दारांना कड्या आहेत. एम्सच्या घरात बाहेरचं दार असेल मजबूत. आतल्या भिंती धड नव्हत्या.

नात म्हणाली, "आबाजी, म्हणून तर काही ठिकाणी तारच जोडत नाहीत. त्याला एअर गॅप म्हणतात." म्हणजे आतला संगणक आणि बाहेरचं जाळं यांच्यामध्ये नुसती हवा. मला शब्द आवडला. विहिरीचा दोर काढून ठेवण्यासारखं आहे हे. दोरच नाही तर पाणी चोरणार कसं?

मी लगेच म्हटलं, "मग झालं की बेटा, सगळीकडे तारा काढून टाका."

तर ती हसली. म्हणाली, "तार कापली म्हणजे झालं, असं नसते आबाजी."

आणि तिने मला कुडनकुलमची गोष्ट सांगितली. तमिळनाडूतला अणुवीज प्रकल्प. तो चालवणाऱ्या न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनचं मुख्यालय आपल्या मुंबईत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये बातमी फुटली की तिथल्या संगणकात परक्यांचा प्रोग्राम शिरला आहे. २९ तारखेला प्रकल्पाकडून निवेदन आलं की असं काही झालेलं नाही. दुसऱ्याच दिवशी, ३० तारखेला, मुंबईच्या मुख्यालयाने मान्य केलं की झालं आहे, आणि ४ सप्टेंबरलाच ते कळवण्यात आलं होतं. मात्र बाधा झालेला संगणक कार्यालयीन कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यावरचा होता. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी, तिला बाहेरची जोडणीच नाही. म्हणजे इथे हवेची फट कामी आली. ओसरीवर चोर आला, कोठीपर्यंत पोचला नाही. (आदल्या दिवशीचं ते 'काही झालेलंच नाही' मात्र मला आवडलं नाही. वर्गात काच फुटली की पहिलं वाक्य हेच असायचं.)

पण इराणमध्ये फट कामी आली नाही. नतांझ नावाच्या गावी त्यांचा युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना होता. बाहेरच्या जाळ्याला जोडलेला नव्हता. तरीही स्टक्सनेट नावाचा प्रोग्राम आत गेला आणि तिथली यंत्रं बिघडवू लागला. २०१० साली जगाला त्याचा पत्ता लागला. तो गेला तारेतून नाही. माणसाच्या खिशातून गेला, पेन ड्राइव्हमधून.

हे ऐकून मी गप्प बसलो. कारण पेन ड्राइव्ह आपल्याकडे कसा फिरतो ते मला माहीत आहे. शाळेचा पेन ड्राइव्ह सकाळी ऑफिसच्या संगणकात, दुपारी गटशिक्षण कार्यालयात, संध्याकाळी स्नेहसंमेलनाचे फोटो आणायला फोटो स्टुडिओत आणि रात्री कोणाच्या तरी घरी लग्नाच्या व्हिडिओसाठी. एस.टी.सारखा सगळ्या थांब्यांवर थांबतो. आणि चढणाऱ्याला तिकीट विचारायला कंडक्टरही नाही.

आता थोडी उलटी बाजू. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातला एक धक्का ठप्प झाला. तो मर्स्क या डेन्मार्कच्या कंपनीच्या गटाकडून चालवला जायचा. भांडण होतं युक्रेनशी कोणाचं तरी. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा प्रोग्राम सोडला गेला आणि तो जगभर पसरला. मर्स्कला नंतर ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. युक्रेनमध्ये ठिणगी आणि धूर उरणला! ज्या ट्रकवाल्याचा कंटेनर त्या धक्क्यावर अडकला त्याने युक्रेनचं नावही ऐकलेलं नसेल.

पण त्यातली पुढची गोष्ट मी दोनदा विचारून घेतली, इतकी ती मजेची आहे. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे, कोणाला कुठे जायची परवानगी आहे, याची नोंदवही ठेवणारे जे सर्व्हर होते, ते जगभरातले सगळे पुसले गेले. एक सोडून. तो आफ्रिकेत, घानामध्ये होता. तिथे हल्ल्याच्या वेळी वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटला होता. त्या एका प्रतीवरून सगळं पुन्हा बसवलं. आपल्या विदर्भात लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या दिल्या हो आम्ही. बारा बारा तास पंखा बंद. कोणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

तर मग जोडूच नये का काही? असं मी म्हणणार नाही. माझ्या पिढीने बिनजोडणीचा काळ पाहिला आहे आणि तो काही सोन्याचा नव्हता. सातबाऱ्याचा उतारा पाहिजे तर तलाठ्याला शोधा. तो आज या गावी, उद्या त्या गावी. दप्तर त्याच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली त्याच्या कमरेला. आपल्याच शेताचा कागद बघायला चहापाणी करावं लागायचं, कित्येकांना आपल्या नावासमोर कोणता बोजा चढला आहे हे जप्तीची नोटीस आल्यावर कळायचं. आज बोर धरणाच्या बाजूचा शेतकरीसुद्धा पोराच्या मोबाइलवर सातबारा पाहतो. डिजिटल सहीचा उतारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. जमिनीची मालकी ही उघड असण्याचीच गोष्ट आहे. ती लपून राहिली तर लबाडांचं फावतं. तिथे जोडणीने गरिबाचं काम केलं, हे कबूलच केलं पाहिजे.

पण सगळीच माहिती सातबाऱ्यासारखी नसते. आणि आता मूळ मुद्द्याकडे येतो. (फार लांबून आलो, पण शिक्षकाची सवय.)

ज्या शाळेत मी नोकरीची शेवटची वर्षं काढली तिथली दाखलखारीज रजिस्टरं स्कॅन करून झाली आहेत. शाळेचं नाव नको. आमच्या सेलू तालुक्यातली एक जुनी शाळा समजा. स्वातंत्र्याच्या आधीपासूनची रजिस्टरं. पानं पिवळी पडलेली, कडा तुटलेल्या, दोन ठिकाणी वाळवीने अक्षरांचं जेवण केलेलं. स्कॅन केली हे उत्तमच झालं. ती आता एका संगणकात आहेत आणि मुख्याध्यापकांचा विचार आहे की हा संगणक इंटरनेटला जोडायचा. माजी विद्यार्थ्याने नाव आणि साल टाकलं की नोंद समोर. मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी, हुशार माणूस. त्यांनी माझं मत लेखी मागितलं. शाळा समितीपुढे ठेवायचं म्हणाले.

ज्यांनी दाखलखारीज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, आणि सोडण्याचं कारण असतं. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत या नोंदीला सोन्याचं मोल. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात, आणि गरिबाच्या घरी एवढा जुना कागद असतो कुठे? आजोबा दोन वर्षं शाळेत गेले होते, तेवढाच पुरावा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर, तेव्हा किती शाळांची कपाटं उघडली गेली ते आठवा. एका ओळीवर घराचं भवितव्य.

आणि म्हणूनच या ओळीत बदल करावासा वाटणारे लोक असतात. हेडमास्तरांना गाठून 'सर, तेवढं एक अक्षर' असं म्हणणारे मी पाहिले आहेत. जन्मसाल वर्षाने पुढे गेलं तर नोकरी वर्षभर वाढते. पण कागदाचा एक गुण आहे. खोडलं तर दिसतं. ब्लेडने खरवडलं तर पान उजेडात धरलं की कळतं. शाई वेगळी पडते, वळण वेगळं पडतं. रीतसर दुरुस्ती असेल तर लाल शाईत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाचा क्रमांक आणि सही. संगणकात कोणी अक्षर बदललं तर तिथे ना शाई, ना खाडाखोड. कोण आलं, काय केलं याची वेगळी नोंद राहील अशी व्यवस्था मुद्दाम केली असेल तरच कळणार, आणि ती व्यवस्थाही त्याच घरात. कॉसमॉसच्या व्हरांड्यातला तो शिपाई मला इथे आठवतो.

दुसरा भाग वाचण्याचा. शाळा सोडण्याच्या कारणांचा रकाना एकदा सलग वाचायला बसलो होतो. दोन पानांपुढे वाचवेना. 'वडील वारले.' 'फी न भरल्याने नाव कमी केले.' 'मोलमजुरी.' 'गाव सोडून गेले.' मुलींच्या पुढे तर एकच, 'लग्न झाले.' शेजारच्या रकान्यातली जन्मतारीख पाहून वजाबाकी केली की कुठे तेरा येतात, कुठे बारा. काही ठिकाणी वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे आणि पालक म्हणून मामा. त्या मुली आज नव्वदीच्या घरात असतील, त्यांचे नातू पुण्या-नागपुरात अधिकारी असतील. त्यांची ती वजाबाकी कोणीही अनोळखी माणसाने घरी बसून का करावी?

एक आजी काही वर्षांपूर्वी वयाच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. एस.टी.च्या सवलतीसाठी पाहिजे होता. मी तेव्हा सहज ऑफिसात बसलो होतो. कारकुनाने नोंद वाचून दाखवली, कारणासकट, मोठ्याने. चार माणसं ऐकत होती. आजी पदर सावरून म्हणाल्या, "तेवढं खालचं नका वाचू जी. तारीख लिहून द्या मले." त्या ऑफिसात चारच माणसं होती. जोडणी केली की चार कोटी.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गंमत अशी की हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कागदावरची माहिती त्यात येत नाही, पण कागदावरून संगणकात घेतली की येते. म्हणजे कपाटात पडून होती तोवर ती आमची नुसती रजिस्टरं होती. स्कॅनरखाली गेली त्या दिवशी त्यांच्यावर जबाबदारी चढली, आणि हे शाळेत कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. बाकी शाळांकडे ही माहिती किती आणि कशी फिरते ते सांगायला नको. २०१५ साली सरल प्रणाली आली तेव्हा कितीतरी शाळांत धड इंटरनेट नव्हतं. शिक्षक मंडळी याद्या घेऊन रात्री नेट कॅफेत बसायची. अशाच एका कॅफेत मी हयातीच्या दाखल्यासाठी गेलो होतो. संगणकाच्या पडद्यावर लोकांच्या नावांच्या फायलींचा नुसता बाजार भरला होता. कोणाचं आधार, कोणाचं पासबुक, कोणाच्या मुलीचा जातीचा दाखला. आदल्या गिऱ्हाइकाचं पुढच्याला दिसत होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर मी माझं मत लिहून दिलं. दोन पानं, हाताने. म्हटलं, ज्या संगणकात रजिस्टरं आहेत त्याला जोडणी नको. इंटरनेटवर फक्त अर्ज ठेवा. नाव, साल आणि नोंद कशासाठी पाहिजे ते. अर्ज आला की कारकुनाने बिनतारेच्या संगणकावर नोंद पाहावी, मागणाऱ्याचा संबंध तपासावा, छापील उतारा काढून सही-शिक्का मारून टपालाने पाठवावा. कोणी कोणाची नोंद मागितली याची एक वही ठेवावी, जावक रजिस्टरसारखी, शाईची. संपूर्ण माहितीच्या दोन प्रती काढून एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. (ही घानाची शिकवण.) त्या संगणकासाठी एकच पेन ड्राइव्ह, तो दोरीने टेबलाला बांधलेला. आणि मूळ कागद रद्दीत घालू नयेत, कारण संगणक आणि कागद यांच्यात वाद झाला तर साक्ष कागदाची.

मुख्याध्यापकांनी माझ्यासमोरच वाचलं. म्हणाले, "सर, बिनतारेचा म्हणजे वाय-फाय. ते तर आहेच त्यात." मग दोघंही हसलो. मी पेनाने 'बिनतारेचा' खोडून 'कोणत्याही मार्गाने न जोडलेला' असं केलं. खाडाखोड स्पष्ट दिसते आहे, खाली सही केली आहे.

पुढे ते जे बोलले ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. "सर, माझ्याकडे कारकून एक. दुसरी जागा भरलीच नाही. जूनमध्ये दिवसाला पन्नास अर्ज येतात. पुण्याच्या पोराला पडताळणीची तारीख उद्याची असते, टपाल पोचते आठ दिवसांनी. आणि राग नका मानू, पण तुम्हीच सांगता तलाठ्याच्या पेटीची गोष्ट. सगळं कारकुनाच्या हातात ठेवलं की चहापाणी इथेही सुरू होईल. वेबसाइट पैसे मागत नाही."

याला माझ्याजवळ अर्धंच उत्तर होतं. वहीचं. अर्ज कोणत्या तारखेला आला आणि उतारा कोणत्या तारखेला गेला हे भिंतीवर लावा, म्हणजे कोणाचं काम मुद्दाम अडवलं ते सगळ्यांना दिसेल. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग नातीला फोन केला तर तिने मधला रस्ता सांगितला: उतारा तयार झाला की फक्त त्या एकाच नोंदीचा, डिजिटल सहीचा कागद अर्जदाराला मेलने पाठवायचा, मोठं कपाट बंदच राहील, एक कागद तेवढा बाहेर जाईल. यात टपालाचे आठ दिवस वाचतात. कारकुनाची दुसरी जागा काही भरली जात नाही.

समितीतल्या एका सदस्याचं मत अगदी वेगळं आहे. त्यांचं म्हणणं, एवढी भीती कशाला, आमच्या रजिस्टरात उत्तर कोरियाला काय रस? उत्तर कोरियाला नसेल. भावकीतल्या वादात समोरच्याला असतो, सोयरीक मोडायला निघालेल्याला असतो, आणि जातीचा दाखला खोटा ठरवायला कोर्टात गेलेल्याला तर फारच असतो. हे मी त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हे बाकी खरं आहे गुरुजी," आणि मग कापसाच्या भावावर बोलत बसले.

तूर्त तो संगणक ऑफिसात कपाटाशेजारी आहे. वाय-फायचा भाग नातीने सुट्टीत आली तेव्हा काढून दिला. बोटाच्या पेराएवढा असतो. तो एका पाकिटात घालून, पाकिटावर तारीख टाकून मुख्याध्यापकांच्या खणात ठेवला आहे. खणाची किल्ली दोघांकडे असते. तिसरी कोणाकडे आहे का ते विचारायचं राहिलं आहे, सोमवारी जाऊन विचारतो.